घर जामीन राहतं

शिक्षा लागलेल्या बंद्याला महाराष्ट्रात अधूनमधून घरी जाता येतं. कागदोपत्री या सुट्टीचं नाव संचित रजा. बराकीत आणि गावात तिला फर्लोच म्हणतात. ही रजा कुणाला आणि कुठल्या अटींवर द्यायची हे 1959 सालच्या फर्लो-पॅरोल नियमांनी ठरवलं. त्यातली एक अट अशी की, बंद्याला रजेच्या काळात घरी ठेवून घ्यायला राजी असलेला आणि त्याच्यासाठी जामीन राहणारा नातेवाईक हवा. तो नसेल तर रजा नाही. मग तुरुंगातली वागणूक कितीही चांगली असो, माफीचे दिवस कितीही साठलेले असोत.

अट वाजवी आहे. बाहेर पडलेला माणूस कुठे राहील, काय खाईल, ठरल्या तारखेला परत येईल का, याची हमी कुणीतरी घ्यायला हवीच. पण हीच अट उलट बाजूने वाचली तर ती सरकारची कबुलीही आहे. उंच भिंती, टेहळणीचे मनोरे, शिपाई, हवालदार, अधीक्षक असा सगळा जामानिमा असलेली यंत्रणा फाटकाबाहेर पहिलं पाऊल पडताच बंद्याला एखाद्या आईच्या, भावाच्या किंवा बायकोच्या हवाली करते. पुढचं त्यांनी बघायचं. त्यांच्या घरात जागा आहे का, चूल पेटते का, हे कुणी विचारायला येत नाही. पोलीस येतात, पण ते अहवाल लिहायला.

कैद्यांचं पुनर्वसन म्हटलं की शिवणयंत्रं, सुतारशाळा, बेकरी, हातमाग आणि दिवाळीच्या प्रदर्शनातल्या पणत्या डोळ्यांपुढे येतात. राखीपौर्णिमेला वर्तमानपत्रांत फोटो येतात. यात वावगं काही नाही. येरवड्यात बनलेल्या लाकडी सामानाला चांगली मागणी असते. मात्र या सगळ्या चित्रात घरचं माणूस कुठेच दिसत नाही. भाषणांमध्ये ते शेवटच्या परिच्छेदात येतं, तेही ‘कुटुंबाने आणि समाजाने स्वीकारलं पाहिजे’ अशा आज्ञार्थी वाक्यात. इथे क्रम उलटा धरला आहे. सुटलेल्या माणसाचं पुढे काय होणार याचा बराचसा निकाल तो आत असतानाच लागतो, आणि तो लागतो बाहेर त्याचं घर तग धरून राहिलं की नाही यावर. मदत करायची तर ती त्या घरापासून आणि अटकेच्या दिवसापासून सुरू करावी लागते.

अटकेच्या दिवसापासून म्हणण्याला कारण आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 सालच्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत 5 लाख 73 हजारांवर माणसं होती आणि त्यांतली सुमारे 76 टक्के कच्चे कैदी होती. म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही अशी. तुरुंगातून घरी परतणाऱ्यांत मोठा भरणा याच लोकांचा असतो. त्यांच्या वाट्याला कारखान्यातलं प्रशिक्षण येत नाही की सुटकेपूर्वीचं समुपदेशन. जामीन झाला की संध्याकाळी गेट उघडतं आणि माणूस हातातल्या पिशवीसकट रस्त्यावर येतो.

तो जामीनही घरच्यांनीच मिळवायचा असतो. वकील गाठायचा, तारखा धरायच्या, आणि कोर्टाने जामीनदार मागितला की तो उभा करायचा. जामीनदाराला रेशनकार्ड लागतं, सातबारा किंवा घरपट्टीची पावती लागते, तहसीलचा ऐपतीचा दाखला लागतो. शहरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, गावाकडे गुंठाभर जमीन नसलेल्या कुटुंबाने हा दाखला आणायचा कुठून? मग कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणारे भेटतात आणि घरातलं उरलंसुरलं किडूकमिडूक तिथे जातं.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचा 1978 सालचा मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश हा निकाल आजही वाचण्याजोगा आहे. मोतीराम गवंडीकाम करणारा गरीब माणूस. न्यायालयाने जामीन मंजूर केल्यावर दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला. मोतीरामचा भाऊ पुढे आला, तर तो नाकारला गेला. कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही रक्कमही फिरवली आणि परजिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारण्यावर कडक ताशेरेही ओढले. भाऊ जामीन राहायला आला होता, यंत्रणेला त्याची सही चालत नव्हती, एवढ्यासाठी प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. त्यानंतर साडेचार दशकांनी, 2023 मध्ये केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी मदत योजना आणली. जामिनासाठी कच्च्या कैद्याला 40 हजारांपर्यंत आणि दंड भरता न आल्याने अडकलेल्या पक्क्या कैद्याला 25 हजारांपर्यंत साहाय्याची तरतूद तेव्हा तिच्यात होती. जिल्हा पातळीवरच्या समितीने एकेक प्रकरण पाहायचं, अशी तिची रचना आहे. एखाद्या आईचं मंगळसूत्र त्यामुळे सावकाराकडे जाणं टळत असेल, तर ती खऱ्या अर्थाने कुटुंबाची योजना म्हणायला हवी.

आता भेटीकडे वळू. तुरुंगात भेटीला मुलाखत म्हणतात. मराठवाड्यातून येरवड्याला मुलाखतीला येणारी बाई रात्रीच्या एसटीत बसते. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेवढा खर्च कमी झाला आहे. पण दोन दिवसांची मजुरी बुडते ती बुडतेच. सकाळी खिडकीशी आधारकार्ड दाखवून नाव नोंदवायचं, बंद्याचा नंबर सांगायचा आणि पुकारा होईपर्यंत बसून राहायचं. काखेत पोर असतं, पिशवीत नवऱ्यासाठी आणलेले कपडे असतात. घरून करून आणलेला डबा आत जात नाही हे पहिल्या खेपेला कळतं आणि लाडवांचा डबा बाहेर झाडाखाली सगळ्यांनी मिळून संपवला जातो. शेवटी काचेपलीकडे माणूस दिसतो, इंटरकॉमचा रिसीव्हर कानाला लागतो आणि वीस मिनिटांचा हिशेब सुरू होतो. वकिलाने किती मागितले, साहेबांची सही झाली का, थोरलीच्या शाळेत काय विचारतात, मनीऑर्डर पोचली का. मनीऑर्डरीतून आतल्या कॅन्टीनमध्ये साबण, बिस्किटं, फरसाण येतं. आईने पाठवलेल्या त्या पैशांवर बंद्याची बराकीतली पत ठरते, ही गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. ज्याला घरून काही येत नाही त्याने दुसऱ्याचे कपडे धुवायचे, आणि कधीकधी त्याहून महागात पडणारी कामं करायची. टोळीत माणूस ओढला जातो तो अशा उसनवारीतून.

कोविडच्या काळात, मार्च 2020 नंतर या मुलाखती बंद झाल्या आणि महाराष्ट्रातल्या कारागृहांनी व्हिडिओ कॉल सुरू केले. आज ई-मुलाखतीची नोंदणी मोबाइलवरून होते. लांबच्या गावातल्या म्हाताऱ्या आईवडिलांना यामुळे मुलाचा चेहरा दिसू लागला, हा मोठाच बदल. तरी काचेला आणि पडद्याला एक मर्यादा असते, आणि ती सर्वांत जास्त जाणवते लहान मुलांना. नागपूर, कोल्हापूर, येरवडा अशा काही कारागृहांमध्ये त्यासाठी ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम होतो. त्या दिवशी काच नसते. मुलं बापाच्या मांडीवर बसतात, खाऊ खातात, दाढी ओढतात. काही पोरं बापाला ओळखत नाहीत आणि आजीच्या पदराआड लपतात. तासाभरातला बराचसा वेळ त्यांची भीड चेपण्यातच जातो. तुरुंग खात्याच्या कार्यक्रमात इतकं रडू क्वचितच पाहायला मिळत असेल.

भेटींचा पुढच्या आयुष्यावर परिणाम होतो का, हे मोजण्याचे प्रयत्न परदेशात झाले आहेत. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या कारागृह विभागाने 2003 ते 2007 या काळात सुटलेल्या 16,420 बंद्यांचा अभ्यास करून 2011 मध्ये अहवाल दिला. ज्यांना आत असताना भेटायला माणसं आली होती, त्यांच्यात पुन्हा गंभीर गुन्ह्यात दोषी ठरण्याचा धोका 13 टक्क्यांनी कमी आढळला. ब्रिटनमध्ये लॉर्ड फार्मर यांनी 2017 साली सरकारला दिलेल्या अहवालात 39 टक्के हा आकडा येतो: कुटुंबाच्या भेटी मिळालेल्या बंद्यांनी पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण, भेटी न मिळालेल्यांपेक्षा तितकं कमी. दोन आकड्यांतली तफावत बघून सावध व्हायला हवं. ज्याला भेटायला माणसं येतात त्याचं घर आधीपासूनच बरं असण्याची शक्यता जास्त. तेव्हा श्रेय भेटीचं किती आणि घराचं किती हे वेगळं काढणं अवघड. मिनेसोटाच्या अभ्यासकांनी इतर घटकांचा प्रभाव वजा करून पाहिला, म्हणून त्यांचा लहान आकडा अधिक भरवशाचा वाटतो.

मिनेसोटाच्या त्याच अहवालात एक गमतीदार वाटणारा तपशील आहे. सर्वांत गुणकारी भेटी कुणाच्या? भावंडांच्या, वडिलांच्या, धर्मोपदेशकांच्या आणि सासरच्या मंडळींच्या. घटस्फोटित जोडीदाराच्या भेटींनी मात्र धोका उलट वाढला. सासरा किंवा मेहुणा दर महिन्याला तुरुंगात येतो याचा अर्थ लग्न टिकलेलं आहे आणि बाहेर दोन घरं या माणसासाठी उभी आहेत. आपल्याकडे ही गोष्ट समजवायला संशोधन लागू नये. सुटल्यावर पहिलं काम मेहुण्याच्या गॅरेजमध्ये मिळाल्याच्या कहाण्या कुठल्याही तालुक्यात ऐकायला मिळतील.

तरीही, भेटीला येणारं घर स्वतः कशावर जगतं हा प्रश्न उरतोच. कमावता पुरुष आत गेला की पहिल्या दोन-तीन महिन्यांत घरभाडं थकतं, वर्षभरात मुलगी शाळेतून निघते किंवा तिच्या लग्नाची घाई होते. गावात पाण्याच्या नळावर बोलणं बंद होतं. पारधी वस्त्यांसारख्या ठिकाणी तर एकाच्या अटकेमागून सगळ्या पुरुषांनी पळून जायचं हा शिरस्ताच पडला होता. 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का 1952 मध्ये कागदावरून पुसला, पोलीस ठाण्यातल्या डोक्यांमधून तो पुसायला फार वेळ लागतो आहे. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला 1988 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा पांढरपेशा वाचकाला पहिल्यांदा कळलं की तुरुंग ही काही घरांत पिढीजात वाट्याला येणारी गोष्ट असू शकते.

अशा घरांसाठी सरकारी तरतूद शोधायला गेलं तर ती भलत्याच कपाटात सापडते. बाल संगोपन योजना मूळची अनाथ आणि निराधार मुलांसाठी. तिचं आजचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना. आईबाप तुरुंगात असलेल्या मुलांनाही तिचा लाभ घेता येतो आणि मुलामागे दरमहा 2,250 रुपये मिळू शकतात. पण अर्ज महिला व बालविकास खात्याकडे करायचा असतो आणि बाप असतो गृहखात्याच्या ताब्यात. नवरा आत गेलेल्या बाईला या खात्याची पायरी दाखवणारं कुणी भेटलं तर भेटलं. तुरुंगाच्या मुलाखत-कक्षात या योजनेचा अर्ज ठेवायला आणि तो भरून घ्यायला एक माणूस बसवायला किती खर्च येईल?

या पार्श्वभूमीवर 1 मे 2022 रोजी येरवड्यात सुरू झालेली ‘जिव्हाळा’ कर्जयोजना लक्ष वेधून घेते. महाराष्ट्र राज्य सहकारी बँक शिक्षा भोगणाऱ्या बंद्याला 50 हजार रुपयांपर्यंत कर्ज देते, सात टक्के व्याजाने. तारण नको, जामीनदार नको. आतल्या कामाच्या मजुरीतून हप्ते फिटतात. पैसा घरी जातो: मुलांची फी, आईचं औषधपाणी, बहिणीचं लग्न, वकिलाची फी. बँकेच्या हिशेबात ही किरकोळ रक्कम आहे. घराच्या हिशेबात मात्र तिच्यामुळे बाजी पलटते. इतकी वर्षं घराने त्याला मनीऑर्डर पाठवायची आणि त्याने ती घ्यायची असा एकतर्फी व्यवहार चालू होता. आता आत बसलेला माणूस मुलीच्या फीचे पैसे भरतो. सुटून घरी येईल तेव्हा तो निव्वळ ओझं म्हणून येणार नाही, आणि हे घरातल्या मुलांनाही ठाऊक असेल.

मजुरीचा विषय निघाला आहे तर दुसरी बाजूही सांगायला हवी. बंद्यांना रास्त मजुरी मिळावी असं सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये गुजरातच्या प्रकरणात सांगितलं, तेव्हाच त्या मजुरीतला काही वाटा गुन्ह्याची झळ बसलेल्यांना भरपाई म्हणून देण्याची व्यवस्था करावी असंही सुचवलं. बंद्याच्या घराबद्दल कळवळ्याने लिहिताना ज्याचा मुलगा मारला गेला त्या घराचा विसर पडू शकतो. गावांत ही दोन घरं अनेकदा एकाच आळीत असतात. पॅरोलच्या अर्जावर पोलीस पाटलाचं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचं म्हणणं घेतात तेव्हा ‘गावची शांतता भंग होण्याची शक्यता’ हे ठरलेलं वाक्य अहवालात येतं. पुष्कळदा ते वाक्य न बघता ठोकून दिलेलं असतं आणि मुंबई उच्च न्यायालयाने असे नकार वेळोवेळी रद्दही केले आहेत. पण काही वेळा ते अगदी खरं असतं. अशा वेळी शहाणं कुटुंब त्याला गावात न आणता बहिणीच्या गावी ठेवून घेतं, हा मार्ग कुठल्याही नियमावलीत लिहिलेला नाही.

घर आणि तुरुंग यांची जोड घालून पाहण्याचा सर्वांत धाडसी प्रयोग महाराष्ट्रातच झाला, आणि तोही ब्रिटिश अमदानीत. सांगली जिल्ह्यातला आटपाडी महाल तेव्हा औंध संस्थानात होता. राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते आणि स्वतः चित्रकार. 1939 साली गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी प्रजेला राज्यघटना दिली. त्या खटाटोपात एक पोलिश इंजिनीअर होता, मॉरिस फ्रीडमन. हाच माणूस पुढे मुंबईच्या खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं इंग्रजीत नेऊन जगभर पोचवणार होता. फ्रीडमनने राजांकडून गंभीर गुन्ह्यांतले कैदी मागून घेतले आणि आटपाडीजवळच्या माळावर त्यांची खुली वसाहत केली. तिचं नाव स्वतंत्रपूर. भिंत नाही, बेड्या नाहीत. विहीर खोदायची, माळ फोडायचा, पिकवायचं.

याच प्रयोगावरून आटपाडीच्या मुलुखातल्या माडगूळच्या ग. दि. माडगूळकरांनी कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. बर्लिनला त्याला रौप्य अस्वल मिळालं. चित्रपटामुळे लोकांच्या मनात राहिला तो जेलर: सहा खुन्यांना नुसत्या नजरेच्या धाकात ठेवणारा देवमाणूस. स्वतंत्रपूरचं खरं वैशिष्ट्य त्यामुळे झाकलं गेलं. इथे बंद्याला बायकापोरांसह राहता येतं. संध्याकाळी हजेरी असते, हद्द ओलांडायची नसते, पण चूल स्वतःची असते. मुलं बापाच्या देखत वाढतात. शिक्षा संपते त्या दिवशी या माणसाला घरी परत जाण्याची निराळी तयारी करावी लागत नाही. चांगल्या जेलरवर विसंबलेला प्रयोग जेलरची बदली झाली की संपतो. हा प्रयोग संस्थान विलीन झालं, राज्यं बदलली तरी चालू राहिला, याचं कारण बहुधा त्या चुलींमध्ये आहे.

महाराष्ट्राने तरी ही कल्पना फारशी वाढवली नाही. खुली कारागृहं पैठणला आहेत, येरवड्यात आहेत, महिलांसाठीही येरवड्यात खुलं कारागृह आहे. पण कुटुंबासह राहण्याची सोय हा स्वतंत्रपूरचाच विशेष राहिला. राजस्थानने मात्र ती मोठ्या प्रमाणावर उचलली. जयपूरजवळच्या सांगानेरमध्ये 1963 पासून खुलं बंदी शिबिर आहे, तेव्हाचे राज्यपाल संपूर्णानंद यांच्या नावाचं. शिक्षेचा ठराविक भाग बंद तुरुंगात काढलेले बंदी तिथे येतात, कुटुंबासह राहतात आणि सकाळच्या हजेरीनंतर शहरात कामाला जातात. कुणी रिक्षा चालवतो, कुणी पहारेकरी आहे, कुणी शिक्षक. सरकार त्यांना जेवू घालत नाही. घर त्यांनीच चालवायचं. आवारात मुलांची शाळा आहे आणि कारभार बघायला बंद्यांची पंचायत. खुनाची शिक्षा भोगणारा गडी दिवसभर जयपूरच्या रस्त्यांवर असतो आणि संध्याकाळी आपण होऊन परततो, कारण पोरं शिबिरात असतात. एवढी स्वस्त आणि एवढी पक्की राखण दुसरी नसेल. मे 2024 मध्ये खुल्या तुरुंगांची जमीन कमी करू नये असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, त्याला सांगानेरच्या जागेवर आलेलं गंडांतर हेच निमित्त होतं. शहर वाढलं की अशा जागांवर नजरा जातातच.

सर्वसाधारण बंद्याच्या नशिबी मात्र स्वतंत्रपूर नसतं. तो आठ-दहा वर्षांनी एका सकाळी सुटतो. जमा असलेले कपडे, साठलेली मजुरी आणि प्रवासखर्च हातात पडतो. मोबाइलवर पैसे देण्याची पद्धत तो आत असताना आली. चहावाल्याकडे फळ्यावरचा चौकोन बघून तो गोंधळतो. घरी पोचल्यावर कळतं की रेशनकार्डातून नाव गेलं आहे, बँकेचं खातं बंद पडलं आहे, आधारवरचा पत्ता जुन्या खोलीचा आहे. ही कागदांची उस्तवार करायला बहुधा भाचा किंवा मुलगी सोबत जाते. नोकरीचं म्हणावं तर सुरक्षारक्षक, चालक, घरपोच सामान देणारा पोऱ्या, सगळीकडे पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. म्हणून काम मिळतं ते नात्यातून, ओळखीतून: चुलत्याच्या शेतात, मामाच्या वीटभट्टीवर, मेहुण्याकडे.

घरातले प्रश्न याहून नाजूक. बायकोने मधल्या काळात घर चालवलेलं असतं. बचत गटाचं कर्ज काढून तिने शिलाई यंत्र घेतलं, दिराशी भांडून हिस्सा राखला, मुलाला बारावीपर्यंत आणलं. आता परतलेला नवरा पहिल्यासारखा पुढ्यात ताट मागतो आणि व्यवहारात तोंड घालतो. मुलगा ‘तुम्ही कुठे होतात?’ असं विचारत नाही, पण त्याच्या वागण्यात ते असतं. पहाटे गिनतीच्या वेळेला जाग येणं, दार लोटलेलं असलं की उठून ते उघडून पाहणं, गर्दीत घाम फुटणं या गोष्टी कुणाला सांगायच्या हे त्यालाही कळत नाही. बहुतेक घरं हे सोसतात आणि वर्षभरात घडी बसते. जिथे दारू पुन्हा सुरू होते तिथे सगळ्यांत आधी मार खाते ती याच बाईने जपलेली घडी. ‘कुटुंबाने स्वीकारलं पाहिजे’ या वाक्यात कुटुंब म्हणजे प्रत्यक्षात एक बाई असते. तिने नकार दिला तर तिच्यावर ठपका ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

आणि बाईच तुरुंगात गेली तर? देशातल्या कैद्यांत स्त्रिया जेमतेम चार टक्के आहेत. त्यांचा विचारही तेवढ्याच मापात होतो. नवरा आत असला की बायको एसटीने येते. बायको आत असली की नवऱ्याच्या फेऱ्या हळूहळू आटतात, काही वेळा दुसरं लग्न होतं आणि माहेर भावजयीकडे बघून गप्प बसतं. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ तुरुंगात राहू शकतं. त्या मुलांना काय काय मिळालं पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये आर. डी. उपाध्याय प्रकरणात तपशीलवार सांगितलं. सातव्या वर्षी मूल बाहेर जातं, आजीकडे किंवा बालगृहात. आईला फर्लो हवी असेल तर नियम पुन्हा तोच: घेऊन जाणारा नातेवाईक आणा. ज्या नवऱ्याच्या छळातून गुन्हा घडला त्याच्याच घरच्यांनी तिच्यासाठी जामीन राहायचं, अशी वेळ येते.

अशा माणसांसाठी घराची जागा कुणीतरी भरून काढावी लागते. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून हे काम करतो आहे. आर्थर रोडपासून त्याची सुरुवात झाली, नंतर भायखळा, ठाणे, कल्याण अशा कारागृहांत त्याचे कार्यकर्ते जाऊ लागले. त्यांच्या कामाचा मोठा भाग भपकेबाज नाही. अटकेत असलेल्याचा निरोप घरी पोचवायचा, पत्ता चुकीचा निघाला तर गल्लीबोळ धुंडाळायचे, शेजाऱ्याच्या ताब्यात राहिलेल्या मुलाची चौकशी करायची, जामीनदारासाठी चुलत भावाला राजी करायचं, रागावलेल्या आईला एकदा मुलाखतीला घेऊन यायचं. सुटल्यावर ज्याला कुणीच नाही त्याला काही काळ स्वयंसेवी संस्थांमध्ये विद्यावेतनावर कामाला लावतात, म्हणजे सकाळी उठून कुठेतरी जाण्याची सवय लागते आणि पुढच्या मालकाला सांगायला एक ओळख तयार होते.

सरकारी बाजूला परिविक्षा अधिकारी आहेत. 1958 च्या अपराधी परिविक्षा अधिनियमाने त्यांना घरी जाऊन परिस्थिती पाहण्याचं काम दिलं आणि महाराष्ट्रात ते महिला व बालविकास खात्याखाली येतात. बाल संगोपनाचे अर्ज घेणारं खातं तेच. मुलाखत-कक्षाच्या बाहेर बसवायचा माणूस सरकारकडे आधीपासूनच आहे, त्याचं टेबल तेवढं तुरुंगाच्या आवारात हलवावं लागेल.